दाराला अडकवलेली फुलांची पुडी

केळगेरीच्या तळ्यात कुणी बुडतंय आणि तुम्ही काठावर शेंगा सोलत उभे आहात, तरी कायदा तुमचं काही वाकडं करू शकत नाही. वकिली सांभाळून कायद्याच्या कॉलेजात मी सकाळी एक तास शिकवतो. तिथे हे वाक्य टाकलं की पोरं चवताळतात. मग मी सांगतो, गुन्ह्याला नुसतं मन वाईट असून भागत नाही, हातून काहीतरी घडावं लागतं. आणि काही न करणं हा गुन्हा ठरायचा, तर ते करायची जबाबदारी कायद्याने तुमच्यावर असावी लागते. तुम्ही आई असाल, जेलर असाल, किंवा एखाद्या असहाय माणसाला सांभाळायचं आपणहून अंगावर घेतलं असेल, तर. परक्याला मोकळीक. अलीकडे कायद्यांची नावं बदलली, कलमांचे आकडे बदलले, हे काही बदललं नाही. मला हा नियम आवडायचा. त्यात भोंगळ दयेला जागा नव्हती.

मागच्या वर्षी याच नियमाने माझ्या अक्काला गाठलं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. शाळेतून निवृत्त झालेली. मेहुणे गेल्यापासून धारवाडला मळमड्डीत एकटी राहते, मी हुबळीत देशपांडे नगरात. तिच्या समोरच्या घरात संस्कृतचे एक म्हातारे मास्तर राहत. बायको-पोरं नाहीत, एक पुतण्या बंगळुरात. गल्ली त्यांना अज्जा म्हणायची. कानाने ठार बहिरे, सोवळ्याओवळ्यात कडक, आणि जिभेचे चोचले असे की विचारू नका. एकदा तापात अक्काने त्यांना मऊ भात नेला आणि मग दोन्ही वेळचं जेवण तिच्याकडूनच जाऊ लागलं. कुणी सांगितलं नव्हतं. "सारात आज चिंच जास्त पडली, अक्कारे," असं ते वर ऐकवायचे, आणि ही दुसऱ्या दिवशी मुकाट्याने कमी घालायची. "अगं, या वयात सासरा दत्तक घेतलास की काय?" असं मी चिडवायचो. त्यांच्या घराची एक किल्लीही तिच्याकडेच असायची.

मग अक्काचे चुलत दीर मिरजेला वारले आणि तिला सूतक आलं. सुतकातलं अन्न अज्जांना चालणं शक्यच नव्हतं. त्यांनी दारातूनच हात हलवला, "ब्याडरी अक्कारे, ब्याडरी." नको म्हणजे नको. भात मला लावता येतो, सूतक फिटलं की या, म्हणाले. अक्काने शेजारच्या बाईंना लक्ष ठेवायला सांगितलं. त्या हो म्हणाल्या, पण त्यांना वाटलं, ही खिडकीतून बघतेच आहे. गल्लीला वाटलं, अज्जांचं काय ते अक्का बघते. सगळ्यांची अशी एकमेकांवर भिस्त, आणि अज्जा न्हाणीघरात घसरून पडले.

रोज सकाळी देवाच्या फुलांची पुडी दाराला अडकवून जाणाऱ्या फूलवालीमुळे कळलं. कालची पुडी दाराच्या कडीला तशीच आहे, असं तिने गल्लीत ओरडून सांगितलं. दार उघडलं तेव्हा अज्जा गेलेले होते. डॉक्टर म्हणाले, खुब्याचं हाड मोडलंय, जीव लगेच गेला नसावा. त्या 'लगेच नसावा'ने सगळा घोळ केला. पुतण्या आला. स्वतः कधी इकडे फिरकला नव्हता, ते राहिलं बाजूला. पोलिसांना म्हणाला, किल्ली ज्यांच्याकडे होती त्यांना विचारा.

माझं डोकं फिरलं. ज्यांनी त्या म्हाताऱ्याला कधी तांब्याभर पाणी नेलं नाही ते सगळे परके, म्हणून सुटलेले. जिने रोज जेवण नेलं तिच्यामागे मात्र चौकशी, कारण तिने अंगावर घेतलं होतं! करायला गेले काय नि वरती झाले पाय. हे सगळं मी पोरांना किती थंडपणे शिकवलं होतं.

जबाबाच्या आदल्या दिवशी मी मळमड्डीला गेलो. अक्का मेथी निवडत बसली होती.

"हे बघ," मी म्हटलं, "अज्जांनीच तुला नको म्हटलं. म्हणजे जबाबदारी त्यांनीच काढून घेतली. एवढंच सांगायचं. विचारतील तेवढ्याचंच उत्तर द्यायचं."

तिने मेथीची जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "पुडी मी आदल्या दिवशीच पाहिली होती रे."

"कुठली पुडी?"

"फुलांची. ऊन चढलं तरी कडीला लटकत होती. अज्जा फुलं कधी उन्हात ठेवायचे नाहीत. म्हटलं, बरं नसेल. किल्ली घेऊन त्यांच्या पायरीपर्यंत गेले. पण किल्लीच्या भोकावरच पुडी लोंबत होती. देवाची फुलं, सुतकात हात कसा लावायचा? दार वाजवून त्यांना ऐकू येणार नाही. म्हटलं, शेजारच्या बाई बघतील. परत आले."

"हे कुणाला सांगितलंस?" मी ओरडलोच. वकिलाच्या तोंडून आधी हेच निघतं.

"नाही."

"सांगायचंही नाही."

मला भीती वाटली. पाहिलं, शंका आली, किल्ली हातात होती, आणि तरी माघारी आली. परीक्षेत मी असाच प्रश्न घातला असता. सूतक हा बचाव होतो की नाही, हे मला त्या क्षणी खरंच सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी चौकीत गेलो. फौजदार तरुण होता, अदबीने बोलणारा. त्याने कन्नडमध्ये विचारलं, अज्जांनी जेवण नको म्हटलं होतं का? अक्का म्हणाली, "हौद्री," होय. त्याने लिहून घेतलं. पाय घसरून अकस्मात मृत्यू, कुणावर संशय नाही, इथे सही करा. तिने सही केली. मी पिशवी उचलली.

अक्का उठली नाही. शाळेत शुद्धलेखन घालावं तशी एकेक वाक्य सावकाश सांगत तिने पुडीची सगळी हकिगत सांगून टाकली. मी तिच्या कोपराला हात लावला, तिने तो बाजूला सारला.

फौजदाराने पेन उचललं नाही. "इदु गुन्हे अल्लरी अक्कारे," तो म्हणाला. हा गुन्हा नव्हेच. सूतक आमच्या घरीही पाळतात. तुम्ही एवढं केलंत त्यांचं, मनाला लावून घेऊ नका, घरी जा.

माझा जीव भांड्यात पडला. मी हात जोडून त्याचे आभारही मानले.

अक्का मात्र टेबलाला धरून तशीच बसली होती.

"असं कसं, साहेब," ती म्हणाली. "लिहून घ्या ना. मी पायरीवर होते तेव्हा ते आत जिवंत असतील."