सफेदा घोटणारी काकू

आमची काकू चित्रशाळेत रंग घोटायची. काका गेले, आणि त्यांच्या जागी ती पाट्यापाशी बसली, ती केस पिकेपर्यंत उठलीच नाही. चित्रशाळा जुन्या वळणाची. लाल रंग हिंगुळाचा, पिवळा हरताळाचा, हिरवा तांब्याच्या गंजाचा. निळा दूरच्या डोंगरातल्या महागड्या दगडाचा, म्हणून चित्रकार तो कुलपात ठेवायचे. काकूच्या वाट्याला मात्र सफेदा. शिशाचे पत्रे मडक्यात शिरक्याच्या आंबट वाफेवर कोंडून ठेवले की त्यांच्यावर पांढरा थर धरतो. तो खरवडायचा, धुवायचा, वाळवायचा आणि जवसाच्या तेलात घोटत बसायचं. चेहरा असो, ढग असो की रेशमाची चुणी, सफेद्यावाचून कुणाचंच भागत नसे.

घरी आली की काकू भिंतीला टेकून बसायची. ताट वाढलं तरी "नंतर" म्हणायची. पोटात पीळ पडायचा, तोंडाला चव नसायची. "वय झालं," एवढंच म्हणायची.

एका सकाळी तिचा उजवा पंजा मनगटातून लोंबायला लागला. हात उचलला तरी बोटं खालीच. माझी आई, म्हणजे तिची धाकटी जाऊ, म्हणाली, "जाऊबाई, आज नका जाऊ."

"मग पाट्यावर रंग कोण घोटणार? तुझा नवरा? त्याला चहात साखर ढवळायचा कंटाळा!"

फळीचा तुकडा मनगटाखाली धरून तिनं आईकडून वर फडकं बांधून घेतलं, त्यावर बाही ओढली आणि गेली.

पण सफेदा नीट घोटला गेला नाही. चित्रकार एका म्हाताऱ्या बाईंचं चित्र रंगवत होते. कुंचला फिरवता फिरवता थांबले.

"काकू, रेव लागतेय. बाईंच्या गालावर पुरळ आल्यासारखं दिसतंय."

सगळे हसले, काकूही हसली. चित्रातला गाल पुसायला म्हणून तिनं चिंधी उचलली, ती हातातून गळाली. वाकून उचलताना बाही सरकली आणि फडकं दिसलं. चित्रकारांनी तिला स्टुलावर बसवून स्वतः गाठ सोडली.

"कधीपासून हे?"

"पंजा आजच पडला. मुंग्या खूप दिवस येतायत."

"आणि मला बोलला नाहीत?"

"बोलून काय झालं असतं? पांढऱ्यावाचून चित्र काढलं असतंत?"

चित्रकारांनी वैद्यांना बोलावलं. वैद्यांनी शिशाचंच नाव घेतलं. त्यानंतर चित्रशाळेत जस्ताचा सफेदा ट्यूबांतून यायला लागला. "याला अंगच नाही, चार हात मारावे लागतात," असं चित्रकार कुरकुरायचे, पण शिशाची मडकी त्यांनी पुन्हा मांडली नाहीत. काकूला म्हणाले, "नुसते कुंचले धुवा."

काकू नको म्हणाली आणि भरदुपारी घरी आली. आईला वाटलं, आता ही रडणार. काकू म्हणाली, "अंथरूण घाल गं," आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत झोपली.

हाताला थोडी उभारी आली. कप धरता यायचा. वेणी आई घालायची. पुढे त्या म्हाताऱ्या बाईंचं चित्र मोठ्या दालनात लागलं, तेव्हा चित्रकार आमंत्रण घेऊन घरी आले.

"तुम्ही यायलाच हवं, काकू."

"पायऱ्या आहेत का?"

"आहेत थोड्या."

"मग राहू द्या," काकू भिंतीला टेकत म्हणाली. "माझ्या वाटचं तुम्हीच बघा."