'पुन्हा या' न म्हणणारं दुकान

आमच्या दुकानात गिऱ्हाइकाला 'या' म्हणत नाहीत. 'पुन्हा या' तर नाहीच नाही. अमरावतीत स्मशानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं मयतीच्या सामानाचं दुकान आहे. बांबू, सुतळी, मडकी, कोरं कापड, कापूर, गुलाल, उदबत्त्या, आणि ज्यांच्यात लागतात त्यांच्यासाठी मेणबत्त्या. बाबा सामान बांधतात, गाडीपर्यंत नेऊन देतात आणि "सांभाळून जा" एवढंच म्हणतात. मी शाळेत असताना एकदा कुणाला तरी चुकून "या हं काका" म्हणाले होते. ते काका गेल्यावर बाबांनी मला जवळ बोलावलं.

"आपल्याकडे याची पाळी कोनावर येऊ नये, असं मनातल्या मनात म्हनाचं," ते म्हणाले. "तोंडानं काईच नाई बोलाचं. बोललेलं लागते मानसाले."

बाबांना दुसरा कसलाही अभिमान नाही. दुकान टिनाचं, बोर्ड फिका पडलेला. पण इतक्या वर्षांत आपल्या दुकानातून एकही माणूस शब्द लागून गेला नाही, हे ते सणावाराला तरी एकदा सांगतातच. आई म्हणायची, "झालं, सुरू झालं यायचं पुरान." मी कान बंद करून जेवत राहायची.

मला यातलं काही वाटायचं नाही, हे आधीच सांगून टाकते. बांबूच्या भाऱ्यांना टेकून मी पाढे पाठ केले, मडक्यांच्या मागे बसून डबा खाल्ला. घरात फोन वाजला की बाबांचा पहिला प्रश्न असायचा, "किती वाजता काढनार हाय?" तो प्रश्न माझ्या तोंडात इतका बसला की एका मैत्रिणीचे वडील गेल्याचं कळलं, तेव्हा मी तिला हेच विचारलं. ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मला तिचा राग कळला, पण वाईट वाटायला हवं होतं ते काही वाटलं नाही. आपल्यात काहीतरी कमी आहे, अशी शंका मला तेव्हापासून आहे.

कॉलेजसाठी मी अकोल्याला होते. शेवटच्या वर्षाला इंटर्नशिप सक्तीची होती. कुणी कापडाच्या शोरूममध्ये गेलं, कुणी मामाच्या शेती औषधांच्या दुकानात. मला एका जाहिरात एजन्सीनं होकार देऊन ऐन वेळी नकार दिला. बाबा म्हणाले, "आपल्याच दुकानात कर ना. इथी कोन तुले नाई म्हनते?" फॉर्मवर 'व्यवसायाचे स्वरूप' असा रकाना होता. त्यात मी 'धार्मिक व इतर साहित्य' असं लिहिलं. आता त्यातलं 'इतर' काय ते सरांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दुकानाचं सोशल मीडिया सांभाळायचं, दर आठवड्याला लॉगबुक भरायची आणि महिन्यातून दोनदा अकोल्याला येऊन दाखवायची, असं ठरलं.

आमचे सर उत्साही होते. वर्गात टेबलावर हात आपटून सांगायचे, "धंदा कोणताही असो, कस्टमर परत आला पाहिजे! रिपीट कस्टमर हीच खरी कमाई!" मी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघसुद्धा मारली. मारताना हसू आलं नाही, हे आज मला विचित्र वाटतं.

पेज काढलं. आता फोटो कशाचा टाकायचा? तिरडीचा टाकला तर लोक शिव्या घालतील. शेवटी मडक्यांच्या उतरंडीचा टाकला, सकाळच्या उन्हात. अकरा लाइक आले, त्यातले सात नात्यातले. एका काकांनी 'हार्दिक अभिनंदन, अशीच प्रगती होवो' असं लिहिलं. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हे काढून टाक, माय. कशाची प्रगती होवो?"

व्हॉट्सॲपचा मात्र उपयोग झाला. मी दुकानासाठी वेगळा फोन आणि नंबर घेतला, सामानाची यादी करून तिचा फोटो लावला. खेड्यावरचे लोक मेसेज करायला लागले. ते येईपर्यंत बाबा सगळं बांधून तयार ठेवायचे. घाईत काही विसरलं म्हणून परत चक्कर मारावी लागत नसे. बाबा खूश होते. "हे बाकी चांगलं केलं तू," असं म्हणाले, आणि बाबा असं सहसा म्हणत नाहीत.

मग सरांनी सगळ्यांना तयार मजकूर पाठवले. स्वागताचा, आभाराचा, सणांचा. पहिल्यांदा मेसेज करणाऱ्या गिऱ्हाइकाला आपोआप उत्तर गेलं पाहिजे, त्याचे वेगळे मार्क आहेत, असं बजावलं. दुसऱ्या दिवशी अकोल्याला जायचं होतं. मी रविवारी संध्याकाळी सरांचा मजकूर उचलला, दुकानाच्या फोनमध्ये टाकला आणि त्याचा फोटो लॉगबुकला चिकटवला. नीट वाचला नाही. स्वतःच्या फोनवरून एक 'हाय' पाठवून बघितलं असतं तरी पुरलं असतं. पण दुकानाच्या नंबरवर मेसेज करायचं मला काय काम?

सोमवारी मी मूर्तिजापूरच्या आसपास बसमध्ये पेंगत असेन, तेव्हा भातकुलीच्या अलीकडच्या एका गावातून दुकानाच्या फोनवर मेसेज आला. 'माझी आई वारली आहे. सामान पाहिजे. मामा घ्यायला येतील.' त्याच क्षणी आमच्याकडून उत्तर गेलं: 'नमस्कार! आपले मनःपूर्वक स्वागत आहे. आपल्या सेवेची संधी आम्हाला वारंवार मिळो, हीच सदिच्छा!' शेवटी हसरा चेहरा होता.

बाबांनी वरचा मेसेज वाचला आणि सामान बांधायला घेतलं. खालचं त्यांनी वाचलं ते गुरुवारी दुपारी, मी परत आल्यावर, चष्मा पुसून निवांत फोन बघत बसले तेव्हा.

"हे कोनं लिहिलं?"

मी वाचलं. हात गार पडला वगैरे काही झालं नाही. 'मार्क गेले' असं मनात आलं, खोटं कशाला सांगू.

"सरांनी दिलं होतं," मी म्हणाले.

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मग चार दिवसांत असा मेसेज कुणाकुणाला गेला ते त्यांनी मला शोधायला लावलं. तीन जणांना गेला होता. बाबांनी एकेकाला फोन लावून माफी मागितली. एकानं "जाऊ द्या हो" म्हणून टाळलं. दुसऱ्यानं तो वाचलाच नव्हता. तिसरा, म्हणजे भातकुलीकडचा, फोन बंद होता. बाबांनी पाच-सहा वेळा लावून पाहिला. मग त्यांनी भर दुपारी दुकानाचं शटर ओढलं. मी त्यांना असं करताना कधी पाहिलं नव्हतं.

"चाल," ते म्हणाले.

आता आमच्या धंद्यातल्या माणसाला कुणी घरी बोलावत नाही, आणि बाबाही कुणाकडे जात नाहीत. लग्नाचा आहेर आईच्या हाती पाठवतात. त्यात हे मयतीचं घर, चौथा दिवस. मी म्हटलं, "बाबा, ते अजून चिडतील." बाबा म्हणाले, "चिडू दे. त्यायचा हक्कच हाय." आणि त्यांनी गाडी काढली. ऊन मरणाचं होतं. मी मागे बसून लॉगबुकात आता काय लिहायचं याचा विचार करत होते.

मेसेजमध्ये 'आई' होतं, म्हणून मी मनात एखादा चाळिशीचा माणूस धरून चालले होते. गावात विचारत घर गाठलं, तर ओसरीवर तशाच वयाचा माणूस भिंतीला टेकून बसलेला. पण आत फोटो म्हाताऱ्या आईचा नव्हता, त्याच्या बायकोचा होता, पुढे मेणबत्ती. बाजूला एक सातवी-आठवीतली मुलगी उभी होती. ती त्याच्यापासून हातभरही दूर होत नव्हती. बाबांनी गाडी लावली, चपला लांब काढल्या आणि हात जोडले.

"दादा, मी सामानवाला. आमच्याकडून तुमाले एक वाईट मेसेज आला. त्याची माफी मागाले आलो."

"कोनता मेसेज?" तो माणूस म्हणाला. "मी कोठी फोन पाह्यला? फोन सापडूनच नाई राहिला सोमवारपासून. गाडीची चावी बी सापडत नाई. बसा ना तुमी."

बाबा माझ्याकडे बघायला लागले, मी त्या मुलीकडे. तिनं मान खाली घातली होती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या मेसेजमधले नीट दिलेले पूर्णविराम मोठ्या माणसाचे नव्हतेच. शाळेत अर्ज लिहायला शिकवतात, तसा तो हिनंच बापाच्या फोनवरून लिहिलेला होता.

"पानी दे त्यायले," तिचा बाप म्हणाला. ती आत गेली. मी तिच्यामागे गेले.

रांजणापाशी तिनं मला हळूच विचारलं, "ताई, आता आमच्या घरी कोन जानार हाय?"

मला पटकन कळलंच नाही.

"तुमीच लिहिलं ना, वारंवार म्हनून. घरात आता बाबाच हाय. म्हनून म्या चावी लपवली. ते गाडी लय जोरात चालवते."

तिनं दप्तरातून कंपासपेटी काढून उघडली. पेन्सिलींच्या खाली गाडीची चावी होती. फोनही दप्तरातच होता, बंद करून ठेवलेला. चार दिवस ही मुलगी आईचं दुःख बाजूला ठेवून बापावर पहारा करत होती, आणि तो पहारा मी बसवला होता. इतकी वर्षं ज्या गोष्टींनी काही वाटलं नाही, त्या सगळ्या तिथंच होत्या आणि मी त्यांच्याकडे बघत उभी होते.

"अगं, तो माणसानं नाही लिहिलेला," मी म्हणाले. "फोन आपोआप पाठवतो. जो पहिल्यांदा मेसेज करेल त्याला जातो. थांब, दाखवते."

मी माझ्या फोनवरून दुकानाच्या नंबरवर 'हाय' पाठवलं. बाहेर बाबांच्या खिशात फोन वाजला, आणि माझ्या फोनवर तेच शब्द आले. मनःपूर्वक स्वागत, वारंवार, हसरा चेहरा. दुपारच्या गडबडीत तो मजकूर काढून टाकायचं मला सुचलंच नव्हतं.

"बघ. मलाही आला की नाही?"

तिनं एकेक शब्द बोट ठेवून वाचला. मग मान वळवून ओसरीकडे पाहिलं. तिथं माझे बाबा तिच्या बाबांशेजारी खाली बसले होते. टोपी काढून मांडीवर ठेवली होती. डोक्यावर केस किती उरलेत ते मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"मंग तुमीबी चावी लपवून ठेवा, ताई," ती म्हणाली. "तुमच्या बाबाची."

मी तिला हसून उडवून लावायला हवं होतं. मला ते जमलं नाही. मला भीती वाटली. जन्मभर माणसं माझ्यासमोरून सामान घेऊन गेली, आणि त्यांच्या घरी जे होतं ते आमच्याही घरी होऊ शकतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ते आमचं नव्हतं, गिऱ्हाइकांचं होतं.

मी बाहेर जाऊन बाबांकडून दुकानाचा फोन मागून आणला. कुठं दाबायचं ते तिला दाखवलं. तिनं स्वतःच्या बोटानं तो मजकूर काढून टाकला आणि गेला का ते दोनदा तपासलं. मग ओसरीवर जाऊन तिनं चावी बापाच्या हातात दिली. तो चावीकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. तिनं सगळं सांगितलं असावं, कारण त्यानं तिला जवळ ओढून घेतलं. मी तोवर अंगणात येऊन गाडीपाशी उभी राहिले होते.

निघताना बाबांनी नेहमीसारखे नुसतेच हात जोडले. अशा घरातून 'येतो' म्हणून निघत नाहीत. आम्ही फाटकापाशी पोचलो तशी ती मुलगी धावत आली. घरी आलेल्या पाहुण्याला काय म्हणायचं, ते तिच्या आईनं शिकवलेलं असणार.

"या, काका," ती म्हणाली. "पुन्हा या."

बाबांना असं कुणी म्हणत नाही. ते थांबले. मला वाटलं, मान हलवून निघतील.

"येतो, माय," ते म्हणाले. "सामान न घेता येतो."

मग ते गाडीवर बसले आणि खिसे चाचपायला लागले. शर्टाचा पाहिला, पॅंटचे दोन्ही पाहिले. "गाडीलेच तर लावून ठेवली होती," असं स्वतःशीच म्हणाले.

चावी माझ्या मुठीत होती. ती द्यायला मला थोडा वेळ लागला.