मॅगव्हीलचे सोळा नट

आण्याच्या शाळेत माझी बदली झाली, त्याच आठवड्यात ह्यांनी माझ्या कारला मॅगव्हील, म्हणजे हलक्या धातूची चाकं, बसवून आणली. वारूळवाडीहून आणे म्हणजे रोजचं येऊन-जाऊन सत्तर-एक किलोमीटर. आळेफाट्याला वळायचं, बेल्हे मागं टाकलं की घाट चढायचा, मग वरचं पठार. गाडी जुनी. तिच्या चाकांच्या लोखंडी डिस्क गंजलेल्या, एक तर खड्ड्यात आदळून चेंबलेली.

"घाटातून जायचंय तुला. चाकं चांगली पाहिजेत," हे एवढंच म्हणाले.

ह्यांचं सगळं आयुष्य टोमॅटोच्या वावरात गेलं. साडी, दागिना असलं काही आणणं त्यांना कधी सुचलं नाही. त्यामुळे ती चंदेरी चाकं बघून मला खरंच बरं वाटलं. जुन्या गाडीला ती फारशी शोभत नव्हती, पण ते मी बोलले नाही.

पहिले आठ-दहा दिवस छान गेले. मग घाट उतरताना ब्रेक दाबला, की पुढच्या डाव्या बाजूनं 'टक्' असा आवाज यायला लागला. स्टेअरिंगही हातात बारीक थरथरायचं. मी ह्यांना सांगितलं.

"नवीन चाकं आहेत. थोडा आवाज करणारच."

तरी ते गाडी गॅरेजला घेऊन गेले. तिथं हवेच्या गननं नट पुन्हा घट्ट करून दिले. दोन दिवस आवाज गेला, तिसऱ्या दिवशी परत आला. पुन्हा सांगितलं, तेव्हा हे स्वतः गाडी चालवून बघायला नारायणगावात एक चक्कर मारून आले. सपाट रस्त्यावर काहीच झालं नाही.

"तुझ्या मनाचं आहे. घाटाची भीती बसलीय तुला."

गाडी शिकून मला चारच वर्षं झालेली, आणि ह्यांनी अठराव्या वर्षापासून ट्रॅक्टर चालवलेला. मलाही वाटायला लागलं, असेल मनाचं. घाटात मी अगदी सावकाश उतरू लागले. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून बेजार करायचे.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर निघाले. घाटात आवाज इतका वाढला, की बेल्ह्यात पोचताच मी गाडी बाजूला घेतली. खाली उतरून डाव्या चाकापाशी वाकले आणि उगाच एका नटाला हात लावला. तो बोटांनी फिरला. दुसऱ्याला हात लावला, तोही. त्या चार नटांच्या भरवशावर मी नुकताच सबंध घाट उतरून आले होते.

मग मंचरला दादाला फोन लावला. माझा थोरला भाऊ. एसटीच्या वर्कशॉपमध्ये उभा जन्म काढून निवृत्त झालेला.

"गाडीतला पाना काढ," तो म्हणाला. "एक नट, मंग त्याच्या समोरचा, आसं करत चारी चाकं आवळ. हळू घरी जा. दर पाच-सहा किलोमीटरला उतरून बघ. मी निघालोच."

मी घरी पोचले, तर तो स्कूटरवरून माझ्याआधीच येऊन ओट्यावर बसला होता. चहाही घेतला नाही. जॅक लावून डावं चाक काढलं, एक नट तळहातावर घेतला, अंगठा फिरवून बघितला आणि मला म्हणाला, "काजळ हाय का घरात?"

मी डबी आणून दिली. त्यानं नटाच्या पुढच्या तोंडाला बोटानं काजळ फासलं, चाक पुन्हा चढवलं, तो नट आवळला आणि परत काढला. मग मला चाकाच्या भोकात बघायला लावलं. आत काजळाची केसाएवढी बारीक रेघ उमटली होती, बाकी सगळं कोरं.

"ह्या रेघंवर तुझं चाक हुबं व्हतं," दादा म्हणाला.

तेवढ्यात हे वावरातून आले. अंगणात निघालेलं चाक आणि दादाला बघून थबकले. ह्या दोघांचं भांडण कधी नव्हतं, पण इतक्या वर्षांत दोघांना बोलायला विषयही सापडला नव्हता. मी बेल्ह्यात काय झालं ते सांगितलं. ह्यांचा चेहरा उतरला.

"नट तर कंपनीचेच आहेत, गाडीबरोबर आलेले," हे म्हणाले. "आटे पण बरोबर बसतात."

"आटे बसतात, पावणं. आटे गाडीच्या बोल्टचे आसतात. पर नटाचं तोंड चाकाला बसाया पायजे." दादानं नट ह्यांच्या हातात दिला. "बोट फिरवा. गोल लागतंय ना, गोटीसारखं? जुन्या डिस्कची भोकं तशीच गोल व्हती. ह्या चाकाची भोकं सरळ उताराची, नरसाळ्यावानी. नरसाळ्यात गोटी ठेवली तर किती टेकंल? आवळणाराची चूक न्हाई. नटच ह्या चाकाचे न्हाईत."

ह्यांनी नटाच्या तोंडावरून बोट फिरवलं आणि तो चाकाच्या भोकात ठेवून बघितला.

रविवारी आम्ही दोघं हळूहळू गाडी घेऊन मंचरला गेलो, दादा स्कूटरवरून पाठोपाठ आला. हायवेलगत स्पेअर पार्टचं दुकान होतं, बाहेर टायर बदलायची जागा. दुकानदार म्हणाला, "गाडी कोणती ते सांगा, नट देतो."

"गाडी पण सांगतो आन् चाक पण दाखवतो," दादा म्हणाला आणि माझ्याकडं वळला. "तू बसवून बघ. रोज तुलाच जायचंय."

पहिल्या डबीतल्या नटांचं तोंड उताराचं होतं. मी एक हातानं लावला. दोन वळसे गेला आणि अडकला. दुकानदार म्हणाला, "द्या इकडं, गननं जाईल."

"न्हाई राव! हातानं जात न्हाई ते गननं घालायचं न्हाई. आटे येगळे हायेत. बोल्टची वाट लागंल."

दुसरे नट हातानं अलगद गेले, पण त्यांचं डोकं जाड. मॅगव्हीलची भोकं खोल आणि अरुंद, पाना आत शिरेचना. दुकानदार आता चिडेल असं मला वाटलं, पण त्यालाच त्यात रस वाटू लागला होता. आत जाऊन त्यानं एक धुळीनं भरलेला खोका आणला. त्यातले नट सडपातळ होते आणि त्यांच्यासोबत पान्याला जोडायचा त्यांचा वेगळा सॉकेट होता.

मी नट लावून वळसे मोजले. नऊ भरले. दादानं मान हलवली. "आठाच्या खाली नको, पकड ऱ्हात न्हाई." मग मी पर्समधून काजळाची डबी काढली. दुकानदार बघतच राहिला. तोंडाला काजळ लावून नट आवळला, काढला. भोकात चांगला गव्हाच्या दाण्याएवढा रुंद काळा पट्टा उमटला होता, सगळीकडून सारखा.

"हे घ्या सोळा," दादा म्हणाला.

भोकं पुसून सगळे नट मीच लावले, एकाआड एक, समोरासमोर. गाडी खाली उतरवल्यावर शेवटचा पीळ दादानं लांब पान्यानं दिला. जुन्या गोल नटांपैकी चार त्यानं एका पिशवीत बांधून डिकीत ठेवले. "स्टेपनीला जुनीच डिस्क हाय. तिला हेच लागतील. आन् शंभर किलोमीटर झाले की एकदा परत आवळ."

दादा मंचरलाच राहिला. परतताना हे गाडी चालवत होते. कळंब मागं पडलं. मग समोर बघतच म्हणाले, "मी तुला मनाचं आहे म्हणत होतो."

"चाकं तुम्ही चांगलीच आणली होती," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटत होतं. रागही होता थोडा, पण त्यांचा आवाज ऐकून तो निवला.

मंगळवारी शाळेतून येताना मी आळेफाट्याच्या पंपावर गाडी थांबवली आणि सॉकेट लावून पाना काढला. एक माणूस धावत आला, "म्याडम, द्या, मी करतो." मी नको म्हटलं. सोळांपैकी दोन नट जरासे फिरले, बाकीचे जागचे हलले नाहीत. त्यानंतर घाटात आवाज आला नाही, स्टेअरिंगही थरथरलं नाही.

पुढच्या महिन्यात एका संध्याकाळी मी वह्या तपासत बसले होते. हे विहिरीवरून आले, तेव्हा फोन अजून हातातच होता.

"कोणाशी बोलत होता एवढा वेळ?"

"दादांशी," हे म्हणाले. "पाण्याची मोटार घरघरतेय. त्यांना फोनवर आवाज ऐकवला. म्हणतात, बेअरिंग गेलंय, पण आधी हातानं फिरवून बघा."