धुळीखालचं पाणी

इकडे कन्नड मुलखात, गोकुलमला, आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई इथल्या जुन्या मराठी शिंप्यांच्या घरातल्या. बोलण्यात निम्मं कन्नड. त्या घरी बसून उपग्रहाची चित्रं तपासतात आणि अरबी समुद्रात सूक्ष्म वनस्पतींचा हिरवा बहर कुठे आलाय, ते नकाशावर दाखवतात. मच्छिमारांच्या बोटी त्या नकाशाच्या भरवशावर निघतात.

गेल्या हिवाळ्याच्या अखेरीला वाळवंटातली धूळ समुद्रावर पसरली, आणि उपग्रहाला पाणी नको तिथे हिरवं दिसू लागलं. मी चहा घेऊन गेले, तेव्हा त्यांचे पुण्याचे साहेब स्पीकरवर होते.

"तेवढा भाग हिरवा दाखवून पाठवून द्या."

"बहर आहे की धूळ, मला गोत्तिल्ल, सर. माहीत नाही म्हणजे माहीत नाही, अष्टे, इतकंच. तो भाग कोरा, पांढराच ठेवणार मी."

"मग दुसऱ्या कुणाला काम देतो."

"द्या की."

फोन ठेवून त्यांनी चहाचा कप उचलला. त्याच संध्याकाळी काम खरंच गेलं.

दुसऱ्या सकाळी मी वर गेले, तर त्या नवं चित्र उघडून बसलेल्या.

"आता कशाला?" मी विचारलं.

"धूळ बसतेय आज," एक डोळा बारीक करून त्या म्हणाल्या. "खाली काय आहे, बघायला नको?"