एका पेशीचं अस्तर

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. आमच्या लूमची, म्हणजे यंत्रमागांची, सुट्टी, म्हणून नवऱ्याचे आठवड्याचे शर्ट धुवायला काढले. आमच्याकडे शर्ट आधी झटकावे लागतात आणि खिसे उलटे करावे लागतात, नाहीतर सुताचा भुगा मशीनच्या जाळीत अडकतो. एका खिशातून भुग्याबरोबर चार-पाच गुलाबी गोळ्या पडल्या.

ऑगस्टमध्ये त्याच्या हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवला होता. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दोन गोळ्या रोज मी स्वतः त्याच्या हातावर ठेवत होते. एक तो गिळत होता, दुसरी खिशात टाकत होता.

सासूबाई भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "बाय, त्याचा लहानपनापासून असाच हाय. गोली गालात धरायचा नि मागल्या दारी थुकायचा."

"आई, तू गप गं," नवरा पेपरामागून म्हणाला.

"का थांबवलीत?" मी विचारलं.

"अगं, स्टेंट बसलाय ना? सुताची तार तुटली, जोडली, लूम चालू. गाठीपाशी कोणी रोज पहारा देत बसतं का?"

पंचवीस वर्षं लूम चालवणाऱ्या माणसाला हे पटलेलं होतं. वाद घालण्यात वेळ गेला असता. मी आधी डॉक्टरांना फोन लावला. ते चिडलेच. आजची गोळी लगेच द्या, उद्या सकाळी घेऊन या, मध्येच छातीत दुखलं तर उद्याची वाट बघू नका, असं त्यांनी बजावलं. मी नवी गोळी आणि पाणी पुढे केलं.

"डॉक्टर असंच बोलणार. उद्या त्यांच्यासमोर बघू."

हा उद्या फार लांब होता. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, दुपारी प्रॅक्टिकल होतं. गोळ्यांची पट्टी पर्समध्ये टाकली आणि म्हटलं, "अहो, कपडे बदला. कॉलेजात यायचंय."

"मी? अकरावीला बसवतेस का आता?"

"बसलात तर नापास व्हाल. चला."

प्रॅक्टिकल संपून मुलं गेल्यावर धमनीच्या आडव्या छेदाची स्लाइड लावली आणि त्याला स्टुलावर बसवलं. कापडाची वीण मोजायचं भिंग तो रोज डोळ्याला लावतो, त्यामुळे मायक्रोस्कोपशी त्याची झटापट झाली नाही. लगेच फोकस फिरवायला लागला.

"कोणाची आहे ही?"

"डब्यावर सस्तन प्राणी एवढंच लिहिलंय."

"म्हणजे बकऱ्याची. बकऱ्याची नस दाखवून मला गोळी देणार?"

"तुमची कापून आणता येत नाही, म्हणून. बाहेरचा थर सैल आहे, तो दिसला? मधला जाड थर स्नायूंचा. आता अगदी आतली कड बघा."

"जांभळे ठिपके आहेत. चपटे. एका ओळीत."

"एकेक ठिपका म्हणजे एका पेशीचं केंद्रक. ती ओळ हेच अस्तर, एका पेशीएवढं जाड. हृदयाच्या कप्प्यांनासुद्धा आतून हेच असतं. या अस्तरावर रक्त चिकटत नाही. तुमच्या धमनीत फुगा फुगवला तेव्हा ते खरवडलं गेलं, आणि तिथे आता धातूची जाळी आहे. उघड्या जाळीवर रक्त गोठतं. आजूबाजूच्या पेशी हळूहळू सरकत जाळीवर चढतात, तिला झाकतात. त्याला महिने लागतात. तोपर्यंत राखण गोळीची."

"आणि झाकली गेली असेल तर?"

"बाहेरून कळत नाही. म्हणून डॉक्टर सांगतील तोपर्यंत घ्यायची."

तो डोळा न काढता म्हणाला, "बंद पडली तर पुन्हा फुगा मारतील."

मी स्लाइड बदलली. हृदयाचा स्नायू लावला. गुलाबी तंतू, एकाला फाटा फुटून दुसऱ्याला जोडलेला, पूर्ण गोल भरून.

"हे बघा. धमनी बंद झाली की तिच्या पुढचे हे तंतू उपाशी मरतात. फुगा मारेपर्यंत जेवढे मेले तेवढे गेले. त्या जागी नुसता वण उरतो, तो आकुंचन पावत नाही. या तारेला गाठ बसत नाही."

तो स्लाइड इकडेतिकडे सरकवत राहिला. मग त्याने डाव्या हाताची बाही वर केली. कोपराखाली जुना होत आलेला हिरवट-काळा डाग होता, तळहाताएवढा.

"चालू लूमवर तार घेत होतो. धोटा मारणाऱ्या दांड्याचा फटका बसला. बोटही कापलं. रक्त थांबेचना गं. शेडमध्ये सगळे बघायला लागले. म्हटलं, या गोळीनेच जायचो एखाद्या दिवशी."

राग आला तो आता. "हे तेव्हा सांगायचं होतं. अंगभर फुलबाह्यांचे शर्ट घालून फिरताय, मला वाटलं थंडी."

"तू ओरडली असतीस."

"आत्ता काय करतेय?"

तो हसला नाही, पण हात पुढे केला. मी गोळी दिली. नळाचं पाणी नको म्हणाला, म्हणून लॅबच्या मामांची बाटली मागून आणली. त्याने गोळी गिळली. मी तोंड उघडायला लावलं, जीभ वर करायला लावली. मामा दारातून बघत होते.

"मॅडम, साहेबांची पण तोंडी परीक्षा?"

"पास झाले," मी म्हटलं आणि स्लाइड्स डब्यात ठेवल्या.

घरी जाताना स्कूटरवर मी एवढंच ठरवलं, की गोळी बंद करणं आपल्या हातात नाही, पण लूमचा मार चुकवणं आहे.

शनिवारी सकाळी दोन्ही गोळ्या समोर गिळवल्या आणि ठाण्याला डॉक्टरांकडे जाताना आधी रिक्षा आमच्या लूमच्या शेडवर थांबवली. नवरा रिक्षातच बसून राहिला. लूमच्या आवाजात मला जॉबरच्या, म्हणजे लूमची देखभाल करणाऱ्या कारागिराच्या, कानाशी ओरडावं लागलं, "सेठ अब चालू लूम में हाथ नहीं डालेंगे. तार टूटे तो तुम देखना. हाथ डाला तो सीधा मुझे फोन."

"सेठ मानेंगे?" त्याने ओरडून विचारलं.

"नहीं मानेंगे. इसीलिए तुमको बोल रही हूँ."

मग रिक्षात बसले आणि डॉक्टरांना निघाल्याचं कळवलं.