नायट्रिक ऑक्साइड आणि सत्यनारायणाचा प्रसाद

मी नेमकं काय काम करते, हे माझ्या बाबांना कधीच कळलं नव्हतं. नायट्रिक ऑक्साइड नावाच्या वायूमुळे मेंदूतल्या पेशी कमी-जास्त कशा उसळतात, यावर माझी पीएच.डी. चालली होती. बाबा लोकांना सांगायचे, "पोरगी लॅबमध्ये असते. एसी आहे." बास, एवढंच. मला भयंकर राग यायचा.

म्हणून मुलुंडच्या आमच्या सोसायटीत सव्वीस जानेवारीच्या सत्यनारायणाला बाबांनी माझं भाषण ठेवलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. बाकी हॉल गेला खड्ड्यात, या एका माणसाला कळलंच पाहिजे, असं मी ठरवलं.

बाबा सोसायटीचे सेक्रेटरी. गेल्या वर्षी त्यांनी गांडूळखतावर भाषण ठेवलं होतं, तेव्हा प्रसाद हातात पडताच सगळे पसार झाले होते. या वेळी त्यांनी शक्कल लढवली. आधी पूजा, कथा, आरती, मग भाषण, आणि प्रसाद सगळ्यात शेवटी. प्रसाद टाकून धावलेल्या बाईच्या नवऱ्याची नौका बुडाली, हे लोकांनी नुकतंच कथेत ऐकलेलं. आमच्यात कोणाची नौका नाही, पण खाली पार्किंगमध्ये गाड्या होत्या. एकही माणूस हलला नाही.

मी काही जणांना एकामागे एक खुर्च्यांवर बसवलं. म्हटलं, तुम्ही मेंदूच्या पेशी. मागच्याने डोक्यात तीन टपल्या मारल्या की हात वर करायचा आणि पुढच्याला टपल्या मारायच्या, म्हणजे निरोप पुढे गेला. अगदी पुढच्या खुर्चीवर बाबा. चेअरमनसाहेबांच्या मागे बसलेल्या काकूंनी इतक्या वर्षांच्या पाणीकपातीचा हिशेब धरून टपल्या मारल्या, तरी साहेबांचा हात काही वर जाईना. त्यांना डुलकी लागली होती. निरोप तिथेच मेला. बाबा पुढे ताठ बसून टपलीची वाट बघत होते, आणि मला त्यांची दया येत होती.

नैवेद्याचा शिरा सगळ्यांना पुरणार नव्हता, म्हणून तेवढ्यात हॉलला लागून असलेल्या खोलीत तळमजल्यावरच्या मालवणी काकूंनी तुपात आणखी रवा भाजायला घेतला. मग केळं पडलं, वेलची पडली. वास दाराच्या फटीतून आत आला आणि चेअरमनसाहेब खाडकन जागे झाले.

मी पुन्हा सुरुवात केली. आता तीन कशाला, एका टपलीत हात वर! काही जणांचे तर टपलीशिवायच. निरोप सुसाट बाबांपर्यंत. फक्त मधुमेहवाले एक काका जागच्या जागी विझले, कारण शेजारून त्यांच्या बायकोने सांगितलं होतं, "तुम्हाला नाही हं." त्यांना वगळून टपली पुढे गेली.

"हेच! हेच ते!" मी माइकमध्ये ओरडले. "हा वास कोणी कोणाच्या हातात दिला नाही. आजूबाजूच्या सगळ्यांना आपोआप पोचला. नायट्रिक ऑक्साइडही असाच पेशींच्या आवरणातून आरपार जातो. तो साठवून ठेवता येत नाही, लागेल तेव्हा तयार होतो आणि लगेच विरतो. तो टपली मारत नाही, पण किती टपल्यांना पेशी उसळेल, ते बदलतो. कोणाला चढवतो, कोणाला बसवतो!"

"गो बाय, भाषण आटप, शिरो थंड होतलो!" आतून मालवणी काकू ओरडल्या.

झालं. माझ्या सगळ्या पेशी खुर्च्या ढकलून पळाल्या. माइक हातात धरून मी एकटी उभी. वाट लागली, मी मनात म्हटलं, आणि मला रडू यायला लागलं.

बाबा दोन द्रोण घेऊन आले. एक माझ्या हातात दिला. थोडा वेळ उगाच घुटमळले.

"एक विचारू? वास आल्यावर टपल्या मारणारेसुद्धा जोरात आले ना? मग तुझा तो वायू उलटाही जातो का गं? म्हणजे ज्या पेशीने निरोप पाठवला, तिच्याकडे?"

माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण यावरच होतं.

"जातो, बाबा," मी म्हटलं. आणि द्रोणातला शिरा भराभर खाल्ला.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूंनी बाबांना विचारलं, मुलगी काय करते?

"लॅबमध्ये असते," बाबा म्हणाले. मी दात-ओठ खाल्ले. "मेंदूतली पेशी किती टपल्यांना उसळते ना, ते एक वायू ठरवतो. त्यावर हिचं काम आहे. आता बघा, समजा तुम्ही एक पेशी..."

तिसरा मजला आला. दार उघडलं. बिचाऱ्यांना उतरायचं होतं, पण बाबा दारात आडवे उभे राहून सांगतच होते, चुकत चुकत, हातवारे करत.

मला कोणी टपली मारली नव्हती. तरी माझा हात वर गेला.