आमचे साडू आणि मोटारींची शर्यत

आमच्या साडूंइतकी सावकाश मोटार चालवणारा माणूस अख्ख्या जगात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्या मोटारीपुढं बैल जुंपलेले असतील. सरकारी बसवरची त्यांची सारी नोकरी बसवकल्याण ते उमरगा या एकाच रस्त्यावर गेली. त्यांच्या बसमध्ये बसताना मी जाडजूड कादंबरी उघडली, तर उमरगा येईपर्यंत तिच्यातली बहुतेक माणसं म्हातारी होऊन मेलेली असत. रस्त्यात खड्डा आला की साडू आधी थांबत, त्याच्याकडं नीट बघून घेत आणि मग झोपलेलं पोर ओलांडावं तशी बस त्यातून काढत. एकदा कोर्टात निघालेला एक पाव्हणा मागून ओरडला, "ड्रायव्हरसाब, आज माझा निकाल हाय." साडू मान न वळवता म्हणाले, "निकाल काय पळून जायलाय का?"

त्यांचा दुसरा गुण म्हणजे रस्त्याकडेला हात वर दिसला की बस थांबलीच. तिथं थांबा आहे की नाही, हा प्रश्न त्यांच्या लेखी गैरलागू होता. आमच्या भागात सगळेच ड्रायव्हर हात बघून थांबतात, पण साडू कुठल्याही हाताला थांबत. पुष्कळदा तो माणूस लांबच्या शेतातल्या गड्याला हाक मारत असे. साडू तरीही काच सरकवून विचारत, "येणार का?" तो गोंधळून न्हाई म्हणाला, तर "बरं" म्हणून पुढं निघत. मी एकदा यावरून त्यांची थट्टा केली. ते म्हणाले, "अण्णा, उन्हात हात वर करायला बी जीवावर येतं. उगं कोण करतंय?"

निवृत्त झाल्यावर मात्र त्यांची रया गेली. माझी मेहुणी सांगे, "सकाळी उठून दाढी करतेत, बूट घालतेत आणि दाराकडं तोंड करून बसतेत. कुठं जायलाव म्हणून विचारलं तर कुठं न्हाई म्हणतेत." भरल्या घरात हा माणूस दिवसेंदिवस बारीक होत चालला होता.

अशात मन्नाएखेळ्ळीपलीकडच्या माळावर, जिथं मुरूम आणि कुसळं यांपलीकडं काही पिकल्याचं कुणाला आठवत नव्हतं, तिथं मोटारींच्या शर्यतीचं मैदान उभं राहिलं. आमच्याकडच्या रस्त्यांना जे कधी लाभलं नाही, ते सगळं त्या गोल फिरून पुन्हा तिथंच येणाऱ्या रस्त्याला लाभलं. आरशासारखं डांबर, वळणावर घसरलेली गाडी अडावी म्हणून खडीचे वाफे, जुन्या टायरांच्या भिंती, टायर बदलायला झाकलेल्या गाळ्यांची रांग, नियंत्रणाचा उंच मनोरा, बड्या पाहुण्यांसाठी थंडगार काचेचं दालन, एका वळणाशी शोभेचं तळं आणि हेलिकॉप्टर उतरायची जागा. एक दवाखानाही होता, इतका स्वच्छ की आजारी माणसानं आत जायला संकोचावं. कुठंच न पोचण्यासाठी केलेला एवढा खटाटोप मी आधी पाहिला नव्हता, आणि तसं मी चारचौघांत बोलूनही दाखवत असे.

त्या मैदानावर साडूंना नोकरी लागली. तीही डॉक्टरांच्या गाडीवर. पहिल्या फेरीत गाड्यांची गर्दी असते, टकरी होतात, म्हणून सगळ्यांच्या मागोमाग डॉक्टर बसलेली एक गाडी जाते. मी थक्क होऊन विचारलं, तुम्हाला घेतलंच कसं? "साहेबानं विचारलं, अपघात किती केले? म्हणलं, एक बी न्हाई. वेग किती ते त्यानं विचारलं न्हाई. मी कामून सांगू?" आगीत न जळणारा अंगरखा आणि शिरस्त्राण घालून ते बसवकल्याणच्या बाजारात कोथिंबीर आणायला गेले, तेव्हा त्यांची छाती पुन्हा बस चालवायच्या दिवसांसारखी झाली होती. मेहुणी म्हणाली, "माझा माणूस परत आला."

पहिल्या मोठ्या शर्यतीचे पास त्यांनीच आम्हाला दिले. काचेच्या दालनाचे नव्हेत, वळणाजवळच्या मातीच्या उंचवट्याचे. भाषणं झाली, फुगे सुटले, गाड्या किंचाळत निघून गेल्या. मी बायकोला म्हणालो, "एवढा पैसा आवाजावर." वळून पाहिलं तर ती घामानं भिजली होती, हात छातीवर होता आणि ती हळूहळू बाजूला कलत होती. आजूबाजूचे सगळे गाड्यांकडं बघत होते. कुणाला हाक मारावी हे न सुचून मी नुसताच कुंपणाला टेकलो आणि हात वर केला.

बाकीच्या गाड्यांच्या बऱ्याच मागून येणारी डॉक्टरांची गाडी वळणावर आली, आणि थांबली.

पुढचं मला गाडीतल्या डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं. त्या कलबुर्गीच्या, वयानं तरुण. त्या ओरडल्या, "अप्पा, थांबायचं नसतं इथं." मनोऱ्यातून बिनतारी यंत्रावर कुणीतरी इंग्रजीत किंचाळत होतं. साडूंनी त्याला एवढंच सांगितलं, "पॅसेंजर हाय." मग बाईंना माझी बायको दिसली आणि त्या कुंपणाच्या फाटकाकडं पळत सुटल्या. लाल निशाण लागलं. डॉक्टर जागेवर नसताना शर्यत चालवता येत नाही, असा नियम आहे. त्यामुळं सगळ्या गाड्या गाळ्यांपुढं गुमान उभ्या राहिल्या आणि काचेतले पाहुणे घड्याळं बघत बसले. इकडं त्या संकोच वाटावा इतक्या स्वच्छ दवाखान्यात माझ्या बायकोला इंजेक्शन दिलं, तारा जोडल्या, आणि ती वाचली. थोडा उशीर झाला असता तर, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि वाक्य अर्धवट सोडलं. त्या मैदानाबद्दल मी पुन्हा वाकडा शब्द काढलेला नाही.

मी साडूंना विचारलं, मला ओळखलंत ना? ते म्हणाले, "न्हाई ओ. हात तेवढा दिसला. पडलेल्या त्या अक्का हायत हे गाडीत घेताना कळालं."

चालत्या शर्यतीत रस्त्यावर गाडी उभी केली म्हणून त्यांचा अंगरखा काढून घेतला. डॉक्टरीणबाई भांडल्या म्हणून नोकरी राहिली, पण बाहेर पार्किंगमध्ये. तिथून मैदान दिसत नाही. साडूंचे आभार कसे मानावेत हे इतकी पुस्तकं वाचूनही मला सुचलेलं नाही. माझ्या बायकोला सुचलं. शर्यतीच्या दिवशी ती भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दही बांधून मला तिथं घेऊन जाते. लिंबाच्या सावलीत ती आणि साडू मैदानाच्या भिंतीकडं तोंड करून बसतात. पलीकडून आवाज येतो, आणि साडू डोळे मिटून सांगतात, "अक्का, आता गाड्या तळ्याकडच्या वळणाला लागल्या बघा." तिला त्यातलं काही कळत नाही. ती व्हय म्हणते, आणि आवाज लांब जाईपर्यंत भाकरी मोडायची थांबते.